जॉर्जियन इंग्लंडमधील कर्ज: कैद एकाची, तारण सगळ्या घराचे

जॉन हॉवर्ड नावाच्या गृहस्थाने इंग्लंड आणि वेल्समधले तुरुंग स्वतः हिंडून पाहिले आणि १७७७ मध्ये आपल्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध केले. त्याला तेथे एकूण ४,०८४ कैदी आढळले आणि त्यांपैकी २,४३७ जणांनी चोरी, दरोडा किंवा खून यांपैकी काहीच केलेले नव्हते. ते कर्जदार होते. देशातल्या तुरुंगांत निम्म्याहून अधिक माणसे केवळ देणे थकल्यामुळे अडकलेली असावीत, हे आज वाचताना खरे वाटत नाही. पण ज्या काळाविषयी आपण बोलत आहोत त्या काळात, म्हणजे पहिला जॉर्ज १७१४ मध्ये गादीवर आला तेव्हापासून चौथा जॉर्ज १८३० मध्ये वारला तोपर्यंत, इंग्लंडमध्ये ही नित्याची गोष्ट होती.

यावर सहज सुचणारा प्रश्न असा, की माणसाला कोंडून पैसा वसूल कसा होणार? कोंडलेला माणूस कमावू शकत नाही, त्याचा धंदा बसतो, आणि देणे तर तसेच राहते. त्या काळच्या अनेक विचारी लोकांनीही हाच प्रश्न विचारला होता. याचे उत्तर असे, की कायद्याची खरी नजर कोंडलेल्या माणसावर नव्हतीच. ती बाहेर राहिलेल्या माणसांवर होती: बाप, सासरा, भाऊ, मेहुणा, जुना मित्र. आपला माणूस तुरुंगात आहे ही गोष्ट ज्यांना सहन होणार नाही, ते कुठून तरी पैसे उभे करतील, या हिशेबावर ती सगळी व्यवस्था उभी होती. कागदावर कर्ज एकाचे असे, पण तारण म्हणून घराची अब्रू ठेवलेली असे. ही गोष्ट एकदा ध्यानात घेतली, की त्या काळचे कर्ज, गुन्हा आणि कुटुंबाची नाचक्की हे तीन विषय वेगळे राहत नाहीत.

आधी उधारीचे प्रमाण समजून घेतले पाहिजे. त्या काळी इंग्लंडमध्ये चांदीच्या नाण्यांची कायम टंचाई असे, त्यामुळे रोजचे व्यवहारसुद्धा खात्यावर चालत. शिंपी, खाटीक, कोळसेवाला, वाणी हे सगळे गिऱ्हाइकाच्या नावे लिहून ठेवत आणि मोठ्या घरांकडून वर्षाकाठी एकदा हिशेब मागत. तो दुकानदार स्वतः घाऊक व्यापाऱ्याचा देणेकरी असे, आणि घाऊक व्यापारी हुंड्यांवर धंदा करी. हुंडी हातोहात फिरे. तिच्या पाठीवर ज्याची सही असेल तो प्रत्येक जण ती न वटल्यास जबाबदार धरला जाई. अशा जगात मालमत्ता किती आहे यापेक्षा पत किती आहे यालाच महत्त्व होते. अमक्याच्या घरात काही तरी बिनसले आहे अशी कुजबुज गल्लीत सुरू झाली, की सगळे धनको एकाच आठवड्यात दारात उभे राहत, कारण जो उशिरा येईल त्याच्या हाती काही लागणार नाही हे प्रत्येकाला ठाऊक असे. धडधाकट चाललेले दुकान नुसत्या अफवेने बसू शकत होते.

अटक व्हायला न्यायालयाचा निकाल लागत नसे, ही या व्यवस्थेतली सर्वांत जाचक बाब होती. धनकोने अमुक इतके येणे आहे असे शपथपत्र करायचे आणि कचेरीतून हुकूम काढायचा. १७२५ च्या कायद्याने वरिष्ठ न्यायालयांसाठी किमान १० पौंड आणि कनिष्ठ न्यायालयांसाठी ४० शिलिंग अशी मर्यादा घातली होती. एका पौंडाचे वीस शिलिंग होत आणि शेतमजुराची आठवड्याची कमाई साधारण आठ-दहा शिलिंग असे, हे लक्षात घेतले तर ४० शिलिंग म्हणजे महिनाभराची मजुरी. हुकूम घेऊन बेलीफ निघे आणि कर्जदाराच्या अंगाला त्याचा हात लागला की अटक झाली. मात्र बेलीफला घराचे बाहेरचे दार फोडता येत नसे आणि रविवारी कोणालाही अटक करता येत नसे. म्हणून कित्येक कुटुंबे आठवडाभर कडी लावून आत बसत, सामान खिडकीतून घेत, मुलांना दार न उघडण्याची ताकीद देत, आणि घरचा कर्ता फक्त रविवारी बाहेर पडे. शेजाऱ्यांना याचा अर्थ कळायला फार वेळ लागत नसे.

पकडलेल्या माणसाला थेट तुरुंगात नेत नसत. आधी त्याला बेलीफच्याच एका घरात ठेवत. त्याला स्पंजिंग हाउस म्हणत. तेथे खोलीचे भाडे, जेवण, मेणबत्त्या, निरोप्याचा खर्च, सगळे अव्वाच्या सव्वा दराने त्याच कर्जदाराच्या माथी पडे. हे दोन-चार दिवस त्याला पत्रे लिहिण्यासाठी दिलेले असत. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सनला १७५६ मध्ये ५ पौंड १८ शिलिंगांसाठी अटक झाली, तेव्हा त्याने मुद्रक आणि कादंबरीकार सॅम्युअल रिचर्डसन याला अशीच चिठ्ठी पाठवली आणि रिचर्डसनने सहा गिन्या (एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग) पाठवून त्याची सुटका केली. ज्याच्या शब्दकोशाचा आदल्याच वर्षी देशभर गौरव झाला होता, त्याची ही अवस्था. ज्याला असा मित्र नसे किंवा ज्याचे नातेवाईक हात झटकत, तो पुढे तुरुंगात जाई.

लंडनमध्ये कर्जदारांसाठी फ्लीट, किंग्ज बेंच आणि मार्शलसी हे तुरुंग प्रसिद्ध होते. तुरुंग चालवणे हा त्या काळी एक धंदाच होता. फ्लीट तुरुंगाच्या मुख्य अधिकाऱ्याचे पद ५,००० पौंडांना विकले गेले होते, आणि ज्याने एवढी रक्कम मोजून पद घेतले तो ती कैद्यांकडूनच वसूल करणार हे उघड होते. आत येण्याची फी, पलंगाची फी, बेड्या न घालण्याची फी, आणि सुटकेचा हुकूम आल्यावर बाहेर पडण्याचीही फी. पैसे देणाऱ्याला बरी खोली मिळे. ज्याच्यापाशी काही नाही त्याची रवानगी गर्दीच्या, रोगट भागात होई. रॉबर्ट कॅसल नावाच्या वास्तुविशारदाकडून फ्लीटचा अधिकारी थॉमस बँब्रिज याने अशीच पैशाची मागणी केली, आणि ती पुरी होईना तेव्हा देवीची साथ असलेल्या स्पंजिंग हाउसमध्ये त्याला धाडले. आपल्याला देवी येऊन गेलेल्या नाहीत, तेथे पाठवू नका, अशा विनवण्या कॅसलने केल्या होत्या. १७२८ मध्ये तो तेथेच देवीने गेला. त्याचा मित्र जेम्स ओगलथॉर्प संसदेत होता. त्याच्या पुढाकाराने १७२९ मध्ये चौकशी समिती नेमली गेली आणि तुरुंगांतले हाल पहिल्यांदा देशापुढे आले. बँब्रिजवर खुनाचा खटला चालला, पण तो निर्दोष सुटला. कॅसलने कोणताही गुन्हा केलेला नव्हता, एवढे वाचकाने विसरू नये.

हे तुरुंग पाहणाऱ्याला सर्वांत चमत्कारिक वाटे ती तेथली बायकामुलांची वर्दळ. पतीला अटक झाली, घरातले सामान विकले गेले, भाडे थकले, तेव्हा बायको मुलांना घेऊन जाणार कुठे? ती तुरुंगातच राहायला येई. हॉवर्डने किंग्ज बेंचविषयी दिलेल्या एका मोजणीत ३९५ कैदी, त्यांच्या २७९ बायका आणि ७२५ मुले असा हिशेब आहे, आणि या कुटुंबीयांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश तुरुंगाच्या आतच राहत होते. ज्यांना परवडे ते ठरावीक रक्कम आणि जामीन देऊन तुरुंगाच्या भोवतालच्या आखून दिलेल्या गल्ल्यांत खोली घेऊन राहत. ती हद्द ओलांडायची नाही एवढीच अट असे. आतल्या मुलांनी अंगण पाहिले ते तुरुंगाचेच.

आता कायद्यातली खरी मेख. धनकोला दोन मार्ग होते: कर्जदाराचे सामान जप्त करायचे किंवा त्याचे शरीर ताब्यात घ्यायचे. एकदा माणसाला कोंडले, की तो कैदेत असेपर्यंत त्याच्या सामानाला हात लावता येत नसे. शिवाय जमीन, सरकारी रोखे, वर्षासने अशी मातब्बर मंडळींची खरी संपत्ती सामान्य धनकोच्या जप्तीत सहसा पूर्णपणे सापडतच नसे. म्हणून एखादा निगरगट्ट कर्जदार आपले उत्पन्न खात वर्षानुवर्षे तुरुंगात आरामात राहू शके, तर प्रामाणिक गरीब कर्जदार दहा पौंडांसाठी तेथेच खितपत पडे. ही शिक्षा नव्हती, म्हणून तिला मुदतही नव्हती. चोराला सात वर्षे ठोठावली तर ती कधी तरी संपत. कर्जदाराची कैद मात्र धनकोच्या मनाला येईल तेव्हाच संपे. १७५९ च्या कायद्याने एवढे केले, की १०० पौंडांच्या आतले कर्ज असलेल्या कैद्याने आपले सर्वस्व धनकोच्या हवाली केले आणि तरीही धनको त्याला सोडत नसेल, तर त्याच्या पोटासाठी धनकोने रोज चार पेन्स (बारा पेन्सचा एक शिलिंग) भरावेत. सूड महाग केला तर तो कमी होईल, असा तो विचार होता.

दिवाळे काढून मोकळे होण्याची सोय नव्हती का? होती, पण ती फक्त व्यापाऱ्यांसाठी. व्यापाऱ्याला धंद्यात नुकसान येऊ शकते, तेव्हा त्याने सर्व मालमत्ता प्रामाणिकपणे पुढे ठेवली आणि बहुतांश धनकोंनी मान्यता दिली, तर त्याची उरलेली देणी माफ होत. शेतकरी, शिक्षक, पाद्री, लष्करी अधिकारी, कारागीर-मजूर यांना हा मार्ग बंद होता. आणि व्यापाऱ्यासाठीही त्या सवलतीच्या पाठीशी फास लटकत होता: मालमत्ता लपवणाऱ्या दिवाळखोराला मृत्युदंडाची तरतूद होती, आणि जॉन पेरट नावाच्या कापड व्यापाऱ्याला १७६१ मध्ये त्याच कलमाखाली स्मिथफील्डला फाशी देण्यात आले. कर्ज कुठे संपते आणि गुन्हा कुठे सुरू होतो, ती रेघ इतकी बारीक होती.

नाचक्की कशी पचवली जाई, याचे एक बोलके उदाहरण मार्क ब्रुनेल या थोर अभियंत्याचे आहे. नौदलासाठी जहाजाच्या कप्प्या यंत्राने बनवण्याची पद्धत त्याने उभी केली होती. फ्रान्सशी युद्ध चालू असताना सैन्यासाठी बूट बनवले होते. युद्ध संपले, सरकारने मागणी थांबवली, बुटांचे ढीग पडून राहिले, त्याची बँकही बुडाली, आणि १८२१ मध्ये तो ५,००० पौंडांहून अधिक देण्यासाठी किंग्ज बेंचमध्ये गेला. त्याची पत्नी सोफिया त्याच्यासोबत तेथे राहिली. शेवटी त्याने रशियाच्या झारकडे नोकरीसाठी पत्रव्यवहार सुरू केल्याचे कळल्यावर सरकार जागे झाले आणि ५,००० पौंड देऊन त्याला सोडवले. पुढे त्याने थेम्स नदीखालून बोगदा काढला आणि जगभर त्याचे नाव झाले. पण त्या घरात तुरुंगाचे नाव काढत नसत. त्या काही महिन्यांचा उल्लेख 'ते संकट' एवढ्याच शब्दांत होत असे. ज्याचा दोष एवढाच, की ज्याने मागणी केली त्या सरकारवर विश्वास ठेवला, त्यालाही अशी लाज बाळगावी लागली.

स्त्रियांची बाजू तर आणखी बिकट होती. विवाहित स्त्रीला कायद्याने स्वतंत्र अस्तित्वच नव्हते. तिची मिळकत पतीची, आणि तिने केलेली उधारीही पतीच्याच नावे. तिला कर्जासाठी अटक होत नसे, पण पतीने तिची चीजवस्तू जुगारात घालवली तर तिला दादही मागता येत नसे. तरुण अभिनेत्री आणि कवयित्री म्हणून पुढे नावारूपाला आलेली मेरी रॉबिन्सन १७७५ मध्ये तान्ह्या मुलीला घेऊन नवऱ्यापाठोपाठ फ्लीट तुरुंगात राहायला गेली, कारण कर्ज नवऱ्याचे असले तरी छप्पर दोघांचेही गेले होते. या नियमाचा उलटा उपयोगही होई. १७५३ च्या विवाह कायद्यापूर्वी फ्लीटच्या गल्ल्यांत स्वतः कर्जबाजारी असलेले पाद्री झटपट लग्ने लावत, आणि देण्याखाली दबलेली एखादी बाई आधीच तुरुंगात असलेल्या कोणाशी तरी नावापुरते लग्न करून आपली देणी त्याच्या डोक्यावर टाकी. बहिणींचे आणि मुलींचे नुकसान वेगळेच. मध्यम आणि वरच्या वर्गात मुलीचे लग्न तिच्या नावे ठेवलेल्या रकमेवर ठरे. भावाचे दिवाळे वाजले की ती रक्कम जाई, आणि रक्कम वाचली तरी घराण्याचे नाव गेलेले असे.

गुन्ह्याकडे वळताना एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळात मृत्युदंडाच्या कलमांची संख्या वाढत वाढत दोनशेच्या वर गेली, आणि त्यांतली बहुतेक कलमे मालमत्तेच्या रक्षणासाठी होती. दुकानातून पाच शिलिंगांचा माल गुपचूप उचलला तरी कलम फाशीचे. प्रत्यक्षात सगळ्यांना फाशी होत नसे. ज्यूरी चोरीच्या मालाची किंमत मुद्दाम कमी ठरवी, राजाकडून दया मिळे, शिक्षा बदलून आधी अमेरिकेत आणि १७८७ नंतर ऑस्ट्रेलियात हद्दपारी होई. पण एका गुन्ह्याला मात्र दया फार क्वचित मिळे, तो म्हणजे खोटी सही. कारण उघड आहे. ज्या देशाचा सगळा व्यवहार हुंडी, वचनचिठ्ठी आणि रोख्यांवर चालतो, तेथे सहीवरचा विश्वास उडाला तर बाजारच बंद पडेल. १७२९ पासून खासगी कागदांवरच्या खोट्या सहीलाही मृत्युदंड होता. आणि खोटी सही करणारे लोक दरोडेखोर नसत. ते बहुधा कर्जात बुडालेले सुशिक्षित, घरंदाज लोक असत. पुढच्या महिन्यात पैसे आले की कागद परत घेऊ आणि कोणाला कळणारही नाही, असे त्यांना वाटत असे.

डॉक्टर विल्यम डॉड हे याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण आहे. तो लंडनचा लोकप्रिय धर्मोपदेशक होता, राजाच्या धर्मोपदेशकांत त्याची नेमणूक झालेली होती, आणि क्षुल्लक कर्जांसाठी कैदेत पडलेल्या लोकांची सुटका करणारी जी संस्था १७७२ मध्ये स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत तो होता. दुसऱ्यांच्या कर्जाविषयी एवढी कणव असलेला हा माणूस स्वतः मात्र रेशमी वस्त्रे, मेजवान्या आणि थाटमाट यांपायी देण्यात बुडत गेला. १७७४ मध्ये एका श्रीमंत चर्चमधली जागा मिळावी म्हणून लॉर्ड चॅन्सेलरच्या, म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायाधिकाऱ्याच्या, पत्नीला ३,००० पौंड देऊ करणारे निनावी पत्र गेले. ते डॉडच्या पत्नीकडून आल्याचे उघड झाले आणि राजाच्या सेवेतून त्याला काढून टाकण्यात आले. रंगमंचावर त्याची टिंगल झाली. धनकोंचा फेरा आणखी आवळला. फेब्रुवारी १७७७ मध्ये त्याने आपल्या जुन्या विद्यार्थ्याच्या, म्हणजे लॉर्ड चेस्टरफील्डच्या, नावाने ४,२०० पौंडांचा रोखा तयार केला आणि त्यावर पैसे उचलले.

पकडला गेला तो शाईच्या एका डागामुळे. रोख्यावर एका अक्षरापाशी शाई सांडल्यासारखा डाग होता. त्यात काही गैर आहे असा संशय नव्हे, तर कागद नीटनेटका असावा एवढ्याच हेतूने वकिलाने नवी प्रत केली आणि लॉर्डसाहेबांकडे सहीसाठी नेली. लॉर्डसाहेब म्हणाले, पहिली सही माझी नाहीच. डॉडने ताबडतोब बहुतेक पैसे परत केले, उरलेल्यांची हमी दिली, तरी खटला उभा राहिला. ज्यूरीने दोषी ठरवले आणि दयेची शिफारसही केली. सुमारे २३,००० लोकांनी सह्या केलेला अर्ज राजाकडे गेला. डॉक्टर जॉन्सनने डॉडसाठी अर्ज आणि भाषणे लिहून दिली. पण आदल्याच वर्षी रॉबर्ट आणि डॅनियल पेरो या जुळ्या भावांना खोट्या रोख्यासाठी फाशी दिलेले होते, आणि डॉडला सोडले तर त्या दोघांना अन्यायाने मारले असे होईल, असा युक्तिवाद त्या वेळी केला गेला. २७ जून १७७७ रोजी टायबर्नला डॉडला फाशी झाली. मागे राहिलेली पत्नी मेरी काही वर्षांत वारली. अखेरच्या दिवसांत तिचे मन ठिकाणावर नव्हते असे सांगतात. ज्याचे पैसे परत मिळाले आहेत अशा माणसासाठी दुसऱ्याचा जीव घेणे, हे त्या काळच्या हजारो इंग्रजांनाही पटले नव्हते, याची नोंद घेतली पाहिजे.

या कायद्याचा फास आपल्याकडेही पोचला होता. कलकत्त्यात महाराजा नंदकुमार यांना ५ ऑगस्ट १७७५ रोजी फाशी देण्यात आले ते खोट्या दस्तऐवजाच्या आरोपावरून, आणि तेही लंडनच्या पेढ्यांसाठी केलेला हाच इंग्रजी कायदा लावून. बंगालच्या रीतीत त्या गुन्ह्याला अशी शिक्षा नव्हती.

प्रतिष्ठित कुटुंबावर गुन्ह्याचा आरोप आला तर काय होते, हे पाहायला कादंबरीकार जेन ऑस्टिन हिच्या घराइतके स्वच्छ उदाहरण नाही. तिची मामी, श्रीमती जेन ली-पेरट, ऑगस्ट १७९९ मध्ये बाथ शहरात एका दुकानातून काळी लेस घेऊन बाहेर पडली. दुकानाची मालकीण मागून आली. पुडके उघडले तर त्यात काळ्या लेसबरोबर पैसे न दिलेली पांढरी लेसही निघाली. किंमत २० शिलिंग. कलम फाशीचे, प्रत्यक्षात बहुधा १४ वर्षांची ऑस्ट्रेलियात हद्दपारी झाली असती. खटला उभा राहीपर्यंत सुमारे आठ महिने तिला इल्चेस्टरला ठेवले गेले. पैसेवाली असल्याने तुरुंगाच्या कोठडीऐवजी तुरुंगाधिकाऱ्याच्या घरात जागा मिळाली, आणि संधिवाताने हैराण झालेला तिचा पती जेम्स तेथे तिच्याजवळ राहिला. धूर, गोंगाट, पोरांचा चिखल अशा त्या घरात, ज्यांनी आयुष्यभर नोकरचाकरांत दिवस काढले ती दोन म्हातारी माणसे दिवस मोजत होती. जेनच्या आईने आपल्या दोन्ही मुली सोबतीला पाठवण्याची तयारी दाखवली. मामीने नकार दिला. कुलीन तरुण मुलींनी तुरुंगात पाऊल टाकू नये, असे तिचे म्हणणे पडले. आपल्या दुर्दैवाचा डाग पुढच्या पिढीला लागू नये, याची तिला त्या अवस्थेतही काळजी होती.

मार्च १८०० मध्ये टाँटनला खटला चालला. गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात आरोपीच्या वकिलाला ज्यूरीपुढे बचावाचे भाषण करण्याची तेव्हा मुभा नव्हती आणि आरोपीला शपथेवर साक्षही देता येत नसे. म्हणून मामीला स्वतः उठून निवेदन करावे लागले, आणि आवाज फुटेना तेव्हा तिचे शब्द वकिलाने मोठ्याने पुन्हा उच्चारले. बड्या लोकांनी तिच्या चारित्र्याची ग्वाही दिली. ज्यूरीने पाव तासाच्या आत निर्दोष ठरवले. तिला अडकवून पैसे उकळण्याचा दुकानवाल्यांचा डाव होता, असे तिच्या बाजूचे लोक म्हणत. काहींना शेवटपर्यंत शंका राहिली. खर्च सुमारे २,००० पौंड झाला, आणि निर्दोष सुटूनही तो कोणी भरून दिला नाही. हाच आरोप एखाद्या मोलकरणीवर आला असता तर तिच्या बाजूने ग्वाही द्यायला कोण उभे राहिले असते, हा प्रश्न मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

त्याच घरावर सोळा वर्षांनी कर्जाचे संकट आले. जेनचा भाऊ हेन्री लंडनमध्ये पेढी चालवत होता आणि ऑक्सफर्डशायरच्या सरकारी कराच्या वसुलीचे पदही त्याच्याकडे होते. त्या पदासाठी जामीन लागत, म्हणून मामाने, म्हणजे त्याच ली-पेरटने, १०,००० पौंडांची आणि भाऊ एडवर्डने २०,००० पौंडांची हमी दिली होती. मार्च १८१६ मध्ये पेढी बुडाली. मामा आणि भाऊ दोघांच्याही हमीच्या रकमा गेल्या, नौदलातल्या फ्रँक या भावाचे पैसे गेले, जेनच्या खात्यावरचे तेरा पौंडही गेले; आणि हेन्री व फ्रँक विधवा आईला दर वर्षी प्रत्येकी ५० पौंड देत ते बंद झाले. हेन्री व्यापारी असल्याने दिवाळखोरीच्या कायद्याखाली सुटला आणि वर्षाच्या अखेरीस पाद्री झाला. पेढी एकाची बुडाली, पण तिची किंमत आई, बहिणी, भाऊ आणि मामा या सगळ्यांनी मोजली.

नाचक्की ही केवळ लोकांच्या बोलण्यापुरती नव्हती. ती कायद्यातही लिहिलेली होती. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाची चीजवस्तू सरकारजमा होई. त्यापुढे जाऊन त्याचे रक्त दूषित झाले असे कायदा मानी, म्हणजे त्याच्यामार्फत वारसांना मिळणारा हक्क तुटे. अनेक नव्या कलमांत यातून सूट दिलेली असे, आणि १८१४ मध्ये सॅम्युअल रॉमिली या कायदेसुधारक संसद सदस्याच्या प्रयत्नांनी राजद्रोह आणि खून सोडून इतर गुन्ह्यांतून ही तरतूद काढली गेली. आत्महत्येलाही हाच न्याय होता. शुद्धीत असताना जीव दिला असे पंचांनी ठरवले, तर मृताची चीजवस्तू जप्त होई आणि १८२३ पर्यंत त्याला चर्चच्या दफनभूमीऐवजी चव्हाट्यावर पुरण्याची रीत होती. कर्जापायी जीव दिलेल्या माणसाच्या बायकामुलांवर हा दुहेरी घाव नको, म्हणून पंच बहुधा मृताचे मन भ्रमिष्ट झाले होते असा निर्णय देत. गावातले साधे लोक कायद्यापेक्षा शहाणे होते, असे त्या निर्णयांविषयी वाचताना वाटत राहते.

उमरावांचे नियम वेगळे होते. लॉर्ड आणि संसद सदस्य यांना कर्जासाठी अटक होत नसे. चार्ल्स जेम्स फॉक्सची जुगारातली देणी १७७४ मध्ये त्याच्या वडिलांनी फेडली, ती सुमारे १,४०,००० पौंड होती, आणि फॉक्स पुढेही देशाचा मोठा पुढारी राहिला. जुगारातले देणे कायद्याने वसूल करता येत नसे, तरी ते सभ्य माणसाच्या शब्दाचे देणे मानून आधी चुकते केले जाई. शिंपी आणि खाटीक मात्र वाट पाहत, आणि वाट पाहता पाहता कधी कधी तेच तुरुंगात जात. युवराजाची, म्हणजे पुढच्या चौथ्या जॉर्जची, देणी १७९५ मध्ये ६,३०,००० पौंडांपर्यंत गेली होती, आणि त्यांतून मार्ग काढण्यासाठीच त्याने ब्रन्स्विकची राजकन्या कॅरोलाइन हिच्याशी लग्न केले. ज्यांच्या मागे राजघराणे किंवा मतदारसंघ नव्हता, ते खाडी ओलांडून फ्रान्सला पळत. एके काळी लंडनच्या पोशाखाचे नियम ठरवणारा बो ब्रमेल १८१६ मध्ये असाच एका रात्री फ्रान्सच्या कॅले बंदराला गेला आणि परत आला नाही.

बदल सावकाश झाला. १८१३ मध्ये निर्धन कर्जदारांसाठी खास न्यायालय आले: तीन महिने कैद भोगून सर्वस्व लिहून दिले की सुटका. १८३८ मध्ये निकालाआधीची अटक बंद झाली, १८६१ मध्ये दिवाळखोरीचा मार्ग व्यापारी नसलेल्यांनाही खुला झाला, १८६९ मध्ये कर्जासाठीची कैद बहुतांशी रद्द झाली. खोट्या सहीचा मृत्युदंड हटवा, असा अर्ज १८३० मध्ये खुद्द पेढीवाल्यांनीच संसदेकडे केला, कारण फाशीच्या धास्तीने ज्यूरी गुन्हेगारांना सोडून देत होती. १८३७ पर्यंत तो पूर्ण गेला. या लढ्यात रॉमिलीनंतर पुढे झालेला जेम्स मॅकिन्टॉश हा मुंबईशी जोडलेला माणूस होता. स्वतःच्या पैशाच्या ओढाताणीमुळे त्याने मुंबईच्या रेकॉर्डरचे, म्हणजे मुख्य न्यायाधीशाचे, पद पत्करले आणि १८०४ ते १८११ तो येथे होता. आजच्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा पाया त्यानेच घातला. निघण्यापूर्वी ग्रँड ज्यूरीपुढे बोलताना त्याने दाखवून दिले, की आपल्या सात वर्षांत एकही फाशी न देता शहराचा कारभार चालला आणि गुन्हे वाढले नाहीत. १८१९ मध्ये संसदेने मृत्युदंडावर नेमलेल्या समितीचा तो अध्यक्ष झाला.

याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी अहवाल दिला, आणि त्यात मराठी मुलखातल्या तकाज्याचे वर्णन केले: धनको कर्जदाराच्या दारात माणूस बसवतो, त्याला बाहेर पडू देत नाही, जेवू देत नाही. लाजेला वेठीस धरण्याचे तंत्र येथेही होते, फक्त येथे ते उंबऱ्यावर चाले आणि तेथे तुरुंगात. मुंबई शहरात मात्र इंग्रजी न्यायालयाबरोबर इंग्रजी कैदही आली, आणि तिच्यातून सुटण्यासाठी १८२८ मध्ये कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन शहरांकरिता नादारीचा कायदा करावा लागला.

त्या व्यवस्थेचे अवशेष भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आजही सापडतात. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी ऋणकोला दिवाणी तुरुंगात ठेवता येते, पण जास्तीत जास्त तीन महिने. स्त्रीला मुळीच नाही. सूर्यास्तानंतर अटकेसाठी घरात शिरता येत नाही. कैद्याच्या निर्वाहाचा भत्ता आधी धनकोलाच भरावा लागतो, आणि तो थांबला की कैदी सुटतो. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर आणखी एक बंधन घातले: केवळ पैसे नाहीत म्हणून कोणालाही कोंडता येणार नाही, ऐपत असून किंवा ती लपवून तो अप्रामाणिकपणे देणे टाळतो आहे, हे आधी दाखवावे लागेल.